पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिलं की सुटलो?

प्रश्न: पत्रलेखिका घरातूनच हाताने बांधलेल्या वह्या, शुभेच्छापत्रं आणि भेटसंच तयार करतात. संचाच्या डब्यात एक वही, शाईपेन, शाईची छोटी बाटली, सुगंधी मेणबत्ती आणि मोरपीस लावलेली वाचनखूण असते. सोबत त्यांचं कार्ड आणि किंमतयादी. ओळखीपाळखीतून परदेशातल्या ऑर्डरी येऊ लागल्या, तेव्हा दिरांनी सुचवलं की पार्सलवर ‘गिफ्ट, नो कमर्शिअल व्हॅल्यू’ लिहावं. सगळे असंच करतात, गिऱ्हाइकाला ड्यूटी पडत नाही आणि आपल्यामागे लायसन्सची भानगड लागत नाही. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे पैसे तिथे राहणाऱ्या नणंदेकडे जमा होतात आणि ती ते घरखर्चासाठी म्हणून यांच्या बचत खात्यात पाठवते. अलीकडे जर्मनीला गेलेलं एक पार्सल परत आलं. अमेरिकेतल्या एका बाईंकडे दारात शुल्क मागितलं, तेव्हा त्यांनी पार्सल घ्यायलाच नकार दिला. आता ब्रिटनमधल्या एका दुकानाला २०० संच हवे आहेत आणि रीतसर इन्व्हॉइसही हवं आहे. त्या विचारतात: ‘एवढ्याशा कामासाठी निर्यातदार म्हणून नोंदणी करायची का? की परदेशाचा नाद सोडू? गिऱ्हाइकाच्या भल्यासाठीच गिफ्ट लिहीत होते, त्यात एवढं काय बिघडलं?’

उत्तर: नमस्कार. तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. मोरपीस.

गळलेल्या मोरपिसांच्या वस्तू देशात विकायला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे बाजारात त्या सर्रास दिसतात आणि त्या परदेशी पाठवायला काही हरकत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण भारताच्या निर्यात धोरणात मोराची पिसं आणि त्यांपासून बनवलेल्या वस्तू प्रतिबंधित आहेत. पीस आपोआप गळलेलं होतं, वाचनखुणेला जेमतेम बोटभर लावलं होतं, ही सबब इथे चालत नाही. कर थोडा कमी-जास्त भरण्याचा हा प्रश्न नाही, माल जप्त होण्याचा आहे. परदेशी जाणाऱ्या डब्यांतून ती वाचनखूण आजच काढा आणि तिथे रेशमी गोंडा लावा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

आता ‘गिफ्ट’. कस्टम्सला वस्तू कशी दिसते याच्याशी कर्तव्य नसतं, व्यवहार कसा झाला याच्याशी असतं. एका खासगी माणसाने दुसऱ्या खासगी माणसाला पैसे न घेता अधूनमधून काही पाठवलं, तर ती भेट. अशी भेट युरोपीय संघात ४५ युरोपर्यंत, ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत आणि अमेरिकेत १०० डॉलरपर्यंत बिनकराची सुटते. तुम्ही पैसे घेता, म्हणजे तुमच्या बाजूने ती विक्रीच झाली. घेणारी बाई पुढे तो डबा भाचीला वाढदिवसाला देणार असली तरीही. शिवाय तुमच्याच डब्यात तुमची किंमतयादी आहे. डबा उघडणाऱ्या अधिकाऱ्याला त्याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

‘पण इतके दिवस कुणी अडवलं नाही,’ असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, फक्त त्याचं श्रेय त्या शब्दाला नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल, विकलेलं असो की भेट म्हणून पाठवलेलं, शुल्काविना आत जात होतं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. तुमचे डबे त्या सवलतीवर जात होते. गिफ्ट लिहिलं नसतं तरी गेलेच असते. सवलत संपली आणि तुमच्या गिऱ्हाइकाच्या दारात बिल आलं. आपल्या टपाल खात्यानेही तेव्हा अमेरिकेची पार्सलसेवा काही आठवडे थांबवली होती. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती पुन्हा सुरू झाली ती पाठवणाऱ्याने तिथलं शुल्क इथेच आगाऊ भरायच्या पद्धतीने. १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटींची सूट मात्र तेव्हा राहिली, म्हणून दिरांचा सल्ला आता पूर्वीपेक्षाही जास्त मोहाचा वाटेल. त्या मोहात पडू नका.

युरोपची गोष्ट आणखी गमतीची आहे. तुमच्या मालाचा मोठा भाग कागदाचा. कस्टम्समध्ये प्रत्येक मालाच्या वर्गाला एक क्रमांक असतो: वह्या-डायऱ्या ४८२० या शीर्षकाखाली येतात, छापील शुभेच्छापत्रं ४९०९ खाली, आणि या दोन्हींवर युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये सीमाशुल्क शून्य आहे. म्हणजे नुसती वही किंवा कार्ड पाठवताना जे शुल्क चुकवण्यासाठी तुम्ही खोटं लिहिता, ते मुळात लागतच नाही. गिऱ्हाइकाला जो भुर्दंड पडतो तो मुख्यतः व्हॅटचा (जर्मनीत साधारण १९ टक्के, ब्रिटनमध्ये २० टक्के) आणि पोस्ट किंवा कुरिअर कंपनी घेते त्या हाताळणी फीचा. २२ युरोपर्यंतच्या पार्सलला युरोपात पूर्वी व्हॅट नसे. १ जुलै २०२१ पासून तीही माफी गेली. १५० युरोपर्यंत सीमाशुल्काची जी माफी होती, तीही काढायची आणि १ जुलै २०२६ पासून छोट्या पार्सलमधल्या वस्तूंवर ३ युरो शुल्क लावायचं, असं संघाच्या देशांनी डिसेंबर २०२५ मध्ये ठरवलं. वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते यावरून दिसतंच.

गिऱ्हाइकाच्या भल्याचं म्हणाल, तर त्याचाही हिशेब मांडू. किंमत शून्य लिहिलेलं पार्सल हरवलं तर भरपाई कशाच्या आधारे मागणार? जर्मनीहून परत आलेल्या डब्याचंच बघा. निर्यात केलेला माल तीन वर्षांच्या आत परत आला आणि तो तोच माल आहे हे दाखवता आलं, तर आपल्याकडे तो सहसा आयातशुल्काविना सोडवता येतो. पण ‘हा मी निर्यात केला होता’ असं दाखवणारा कागदच नसेल, तर ती सवलत मागायची कशी?

तो डबा परत का आला, हे त्याच्यावरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. लेबल अजून असेल तर वाचा. कारण काहीही निघो, जर्मनीची मुख्य अडचण वेगळी आहे. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात उत्पादन-सुरक्षेचा नवा नियम लागू आहे. संघाबाहेरून थेट ग्राहकाला माल विकायचा तर संघात कुणीतरी जबाबदार व्यक्ती किंवा संस्था नेमावी लागते आणि तिचं नाव-पत्ता मालावर किंवा वेष्टनावर छापावा लागतो. जर्मनीत त्यावर पुन्हा खोके-कागदाच्या वेष्टनाची वेगळी नोंदणी. महिन्याला दोन-चार डब्यांसाठी हा खर्च परवडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की जर्मनी तूर्त बंद ठेवा, किंवा तिथला एखादा दुकानदार स्वतः आयात करायला तयार असेल तेव्हाच उघडा.

आता पैशांकडे येऊ. पत्रातली दुसरी काळजीची जागा हीच, आणि घरातलं माणूस मध्ये असल्यामुळे ती सहज नजरेआड होते. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला बँक एक प्रयोजन कोड लावते. घरखर्चासाठी नातेवाइकाने पाठवलेल्या पैशांचा कोड पी१३०१; निर्यात मालाच्या पैशांचे कोड वेगळे. नणंदबाई प्रेमाने मदत करताहेत, पण कागदावर असं दिसतं की तुम्ही माल फुकट पाठवला आणि नणंदेने तुम्हाला घर चालवायला पैसे दिले. उद्या आयकर खात्याने विचारलं तर व्यवसायाचं उत्पन्न दाखवायला तुमच्याकडे काही नाही. परकीय चलनाच्या कायद्याखाली विचारलं तर माल आणि पैसा यांची सांगड नाही. आणि त्या तिकडे स्वतःच्या खात्यात लोकांचे पैसे जमा करताहेत, त्याचा जाब त्यांच्या देशात त्यांना द्यावा लागू शकतो. हे आधी थांबवा. व्यवसायाच्या नावाने चालू खातं काढा आणि पैसे थेट तिथे येऊ द्या.

झालेल्या पार्सलांचं काय? एखाद्या सीएकडे सगळ्या नोंदी, चॅट आणि पासबुक घेऊन जा, आणि ते उत्पन्न विवरणपत्रात आणा. मागच्या तारखेची इन्व्हॉइसं मात्र बनवू नका. एक चूक झाकायला दुसरी केली की पहिलीही मुद्दाम केल्यासारखी दिसते.

नोंदणीला तुम्ही ज्या मानाने घाबरताय, तेवढी ती अवघड नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आयातक-निर्यातक कोड, म्हणजे आयईसी, घरबसल्या मिळतो. पॅन, पत्त्याचा पुरावा, बँकेचा तपशील, ५०० रुपये. मुदत संपत नाही. पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तपशील बरोबर आहेत असं तिथे जाऊन नोंदवावं लागतं, आणि ते राहिलं की कोड निष्क्रिय होतो. भलेभले हे विसरतात. फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

जीएसटीबद्दल बऱ्याच गृहोद्योगांचा समज असतो की उलाढाल कमी आहे, मग आपल्याला काय त्याचं? वस्तूंची निर्यात कायद्याने आंतरराज्य पुरवठ्यात मोडते, त्यामुळे उलाढालीच्या मर्यादेवर विसंबू नका; हाही प्रश्न सीएसमोर ठेवा. नोंदणी झाली की पोर्टलवर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरायचं. त्यामुळे निर्यातीवर कर न भरता माल पाठवता येतो आणि कागद, पुठ्ठा, पेनं यांच्या खरेदीवर भरलेला जीएसटी परत मागता येतो. हमीपत्र एका आर्थिक वर्षापुरतं असतं, दर वर्षी नवं. गिफ्ट लिहून पाठवलेल्या मालावर हा परतावा मिळत नाही; म्हणजे आजवर ‘भानगड नको’ म्हणून तुम्ही स्वतःचेच पैसे सोडत आलात.

पाठवायचे रस्ते दोन. पोस्टाने पाठवणार असाल तर डाक घर निर्यात केंद्रं आहेत. टपाल निर्यात बिल घरूनच ऑनलाइन भरून पार्सल तिथे द्यायचं. कुरिअरने पाठवलंत तर दोन अर्ज ध्यानात ठेवा. सीएसबी-४ हा भेटी आणि नमुन्यांसाठी आहे, सीएसबी-५ विक्रीसाठी. काउंटरवरचा मुलगा सवयीने पहिला भरतो, कारण त्याला कमी माहिती विचारावी लागते. दुसरा मागून घ्या. त्यासाठी आयईसी, जीएसटी आणि एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकेचा क्रमांक, लागतो. एडी कोड बँकेकडून लेखी घेऊन कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदवायचा असतो. पहिल्या खेपेला इथेच जास्त दिवस जातात, त्यामुळे ऑर्डर पक्की व्हायची वाट न बघता हे काम आधी उरका.

मालाचं वर्णन हा खरा कसबाचा भाग आहे आणि तिथेच बहुतेक जण आळस करतात. ‘गिफ्ट आयटम्स’ किंवा ‘स्टेशनरी’ या वर्णनावरून कुठल्याच देशाच्या कस्टम्सला काही ठरवता येत नाही. ‘हाताने शिवलेली कोरी वही, हातकागद, कापडी बांधणी, १६० पानं, भारतात तयार’ असं लिहिलं की अधिकाऱ्याला डबा उघडायचं कारण कमी उरतं. सोबत एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गाचा तो क्रमांक. त्याचे पहिले सहा आकडे बहुतेक सगळ्या जगात सारखे. पुढचे प्रत्येक देशाचे आपापले, आपल्याकडे एकूण आठ. तुमच्या डब्यातलं शाईपेन ९६०८ मध्ये येतं, शाई ३२१५ मध्ये, मेणबत्ती ३४०६ मध्ये.

मग अख्ख्या संचाचा कोड कोणता? एकाच गरजेसाठी एकत्र केलेल्या आणि तशाच विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा संच असेल, तर ज्या वस्तूमुळे त्याला त्याचं मुख्य रूप येतं, तिच्या कोडखाली पूर्ण संच जातो. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणांत नेमकं आपल्या धंद्यातलं उदाहरण आहे: प्लास्टिकच्या पाकिटातली पट्टी, कंपास, पेन्सिल आणि टोकयंत्र. टोकयंत्राचा आणि पेन्सिलीचा कोड वेगळा असूनही तो सगळा संच रेखनसाहित्य म्हणून एकाच शीर्षकाखाली जातो. या न्यायाने वही, पेन आणि शाई यांची लेखनाची एक गरज आहे असं म्हणता येईल. मेणबत्तीची नाही. ती डब्यात कितीही शोभून दिसली तरी वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीने दाखवावी लागेल. शंका असेल तेव्हा प्रत्येक वस्तूची किंमत आणि कोड सुटा लिहिणं बरं.

आणि खरं सांगू का, ब्रिटनच्या ऑर्डरीतून ती मेणबत्ती काढूनच टाका. सुगंधी द्रव्यांमुळे ब्रिटन आणि युरोप दोन्हीकडे तिला रासायनिक धोक्याच्या लेबलाचे नियम लागू पडतात. पुरवठादाराने सुरक्षा-माहितीपत्रक दिल्याशिवाय ते लेबल तुम्ही करू शकणार नाही. शाईचंही तसंच. पाण्यात केलेली शाई असेल तर तसं दाखवणारं पत्रक बनवणाऱ्याकडून घ्या. अल्कोहोल असलेली शाई हवाई वाहतुकीत ज्वालाग्राही मालात मोडते. शिवाय बाटली गळाली की एका डब्याबरोबर शेजारचे चार डबेही जातात. २०० डब्यांच्या पहिल्या खेपेत मी शाई ठेवणार नाही.

ब्रिटनच्या दुकानाची ऑर्डर तुम्हाला सगळ्यात भीतीदायक वाटते आहे, पण ती तुमच्या सगळ्या परदेशी व्यवहारांत सोपी आहे. तिथल्या घरगुती ग्राहकाला १३५ पौंडांपर्यंतचा माल थेट विकायचा तर विक्रेत्यालाच ब्रिटनमध्ये व्हॅटची नोंदणी करून विक्रीच्या वेळी तो वसूल करावा लागतो. तुम्हाला ते झेपणारं नाही. किरकोळ विक्री करायचीच तर मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून करा, तिथे ती जबाबदारी बाजारपेठेवर जाते. दुकानाला पाठवलेल्या मोठ्या खेपेत मात्र दुकान स्वतः आयातदार होऊ शकतं. ते तिथला कर भरतं, आणि व्हॅटची नोंदणी असेल तर पुढे वळताही करून घेतं. त्यांनी इन्व्हॉइस का मागितलं ते कळलं ना? खोट्या किमतीने त्यांचा फायदा नाहीच, उलट नुकसान आहे.

दुकानाला उत्तर लिहिताना तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. आयातदार कोण, आणि त्यांचा ईओआरआय क्रमांक, म्हणजे तिथल्या कस्टम्सकडचा नोंदणी क्रमांक, काय. व्यवहार डीएपी धरायचा, म्हणजे माल त्यांच्या दारापर्यंत पोचवायचं भाडं तुमच्या किमतीत आणि तिथले कर त्यांच्याकडे. ‘डीडीपी करा’ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा, कारण त्यात त्यांच्या देशाचा करही तुमच्या गळ्यात येतो. आणि निम्मी रक्कम आगाऊ, तुमच्या चालू खात्यात. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या आहेत. कागदी मालाला त्याने फरक पडणार नाही, तिथे शुल्क आधीच शून्य आहे. पेनासारख्या वस्तूला पडू शकतो, त्यासाठी माल पाठवायच्या वेळी करारातला दर आणि उगम प्रमाणपत्राची अट तपासा. पेन तुम्ही बाहेरून विकत घेत असाल तर ते कुठे बनलंय हे आधी विचारा. डब्यावर ‘भारतात तयार’ लिहिलंय आणि पेन भलत्याच देशातलं, असं निघालं तर पंचाईत होईल.

अमेरिकेच्या गिऱ्हाइकांना ऑर्डर घेतानाच सांगा की शुल्क लागेल आणि ते किमतीत धरलं आहे. तिथले दर २०२५ पासून इतक्या वेळा हलले आहेत की ज्या दिवशी पार्सल देणार त्या दिवशीचाच दर पाहायचा, मागच्या महिन्याचा धरायचा नाही. तिथे मूळ देशाचं नाव मालावर इंग्रजीत छापलेलंही लागतं. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, सहज दिसेल असा छोटा शिक्का पुरे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: नाद सोडायचा का? ब्रिटनचं दुकान पुन्हा मागवेल असा भरवसा नसेल आणि बाकीच्या ऑर्डरी वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, तर सोडायला हरकत नाही. इथल्याच बाजारात वह्या विकणं हा काही कमीपणा नाही. मधला मार्गही आहे. एखाद्या व्यापारी निर्यातदाराला माल विकायचा. कागदपत्रं त्याची, भाव तुम्हाला थोडा कमी. पण मला विचाराल तर या एका ऑर्डरीपुरती तरी नोंदणी करून बघा. दुकानाला कळवा की आधी २० संच नमुना-ऑर्डर म्हणून विकत पाठवते, वही, पेन आणि कार्ड एवढंच. आयईसीपासून बँकेत पैसे येईपर्यंतची सगळी वाट त्या २० डब्यांवर चालून होईल. त्यात भाडं, सीएची फी आणि तुमचे गेलेले तास धरून एका संचामागे काय उरतं ते काढा, आणि उरलेल्या १८० संचांचा भाव त्या आकड्यावरून द्या.